परळ : मध्ययुगीन उगम आणि बदलत्या राजसत्ता

प्रास्ताविक

मुंबईच्या इतिहासलेखनात परळचे नाव प्रामुख्याने दोन संदर्भांत येते. पहिला संदर्भ ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानाचा, तर दुसरा कापडगिरण्या व गिरणी कामगारांच्या चळवळीचा. दोन्ही संदर्भ महत्त्वाचे असले तरी त्यांमुळे परळचा इतिहास अठराव्या शतकापासूनच सुरू होतो, अशी समजूत नकळत दृढ झाली आहे. वस्तुतः मुंबईच्या सात बेटांपैकी एक मानल्या गेलेल्या या भूभागाचे पुरावे त्याहून किमान हजार-बाराशे वर्षे मागे जातात. या काळात येथे मौर्य, शिलाहार, यादव, दिल्ली व गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज आणि इंग्रज अशा अनेक सत्ता आल्या व गेल्या.

युरोपातील मध्ययुगीन वसाहतींच्या इतिहासाशी तुलना केल्यास परळच्या इतिहासाची एक अडचण स्पष्ट होते. इटलीतील ऑर्व्हिएतोसारख्या टेकडीवरील नगरावरही पोप, नगरसभा व सरदार घराणी यांची सत्ता आलटून पालटून राहिली. परंतु तेथे नगरसभेने स्वतःचे दप्तर निर्माण केले आणि म्हणून नगराचा इतिहास नगराच्या बाजूनेही सांगता येतो. परळ हे नगर नव्हते. भातशेती, आगरे, मिठागरे आणि ताडमाडांच्या वाड्या असलेले ते गाव होते. त्याच्याविषयीचे बहुतेक लेखी पुरावे गावाने नव्हे, तर गावाचा महसूल घेणाऱ्यांनी निर्माण केले. प्रस्तुत निबंधात हे पुरावे कालानुक्रमे तपासून, परळमधील प्रत्येक सत्तांतर हे मुख्यतः जमिनीच्या उत्पन्नावरील हक्काचे हस्तांतर होते आणि त्या पुराव्यांत कसणाऱ्या-राबणाऱ्या माणसाचा उल्लेख केवळ कडेला येतो, असे प्रतिपादन केले आहे.

परळची शिवमूर्ती

परळचा सर्वांत प्राचीन पुरावा दगडातील आहे. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना तीन मीटरांहून अधिक उंचीचे एक अखंड शिल्प सापडले. मध्यभागी उभा शिव, त्याच्या देहातून वर व दोन्ही बाजूंना उमलत गेलेली शिवाचीच आणखी रूपे आणि पायथ्याशी वाद्ये घेतलेले गण, अशी त्याची रचना आहे. शैलीवरून अभ्यासकांनी त्याचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक असा मानला आहे. म्हणजे हे शिल्प घारापुरी व जोगेश्वरी येथील शैव लेण्यांच्या परंपरेला निकटचे ठरते.

उत्तर कोकणात या सुमारास कोकणचे मौर्य व कलचुरी या घराण्यांचा प्रभाव होता. चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत कोकणच्या मौर्यांचा पाडाव आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून वर्णिलेल्या पुरी नगरीवरील नाविक स्वारी यांचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की अन्य एखादे स्थान, याविषयी मतभेद आहेत. मात्र परळचे बेट या समुद्री हालचालींच्या ऐन परिसरात होते, यात शंका नाही. एवढे भव्य शिल्प घडवून घेण्यासाठी आश्रयदाता, शिल्पी आणि पूजाव्यवस्था या तिन्ही गोष्टी लागतात. त्यामुळे सहाव्या शतकात हा परिसर निर्जन दलदलीचा नव्हता, एवढा निष्कर्ष निश्चित काढता येतो. त्यापुढे जाऊन येथे एखादी राजधानी होती, असे म्हणण्यास मात्र आधार नाही.

या शिल्पाचा पुढील इतिहासही लक्षणीय आहे. सापडल्यानंतर ते वस्तुसंग्रहालयात न जाता परळच्या बारादेवी मंदिरात राहिले आणि पूजले गेले. वस्तुसंग्रहालयास त्याची प्रतिकृती मिळाली. दीड हजार वर्षांच्या सत्तांतरांनंतर परळच्या या पहिल्या पुराव्याचा ताबा अखेर स्थानिक भाविकांकडे आला.

शिलालेख आणि बखर

नवव्या शतकाच्या आरंभापासून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. स्थानक म्हणजे आजचे ठाणे ही त्यांची राजधानी. परळला सरकारी वाड्याच्या परिसरात सापडलेला अपरादित्याचा इ. स. ११८७ चा शिलालेख या काळातील आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे, कारण त्याचा मुख्य भाग संस्कृतात असला तरी शेवटी येणारा शाप मराठीत आहे. दानाचा लोप करणाऱ्यावर वैद्यनाथाचा कोप होईल, असे सांगून पुढे गाढवाचा उल्लेख असलेली ग्राम्य शिवी त्यात कोरली आहे. गद्धेगाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेतील हा शाप मराठीच्या प्रारंभीच्या कोरीव नमुन्यांत गणला जातो.

भाषेची ही विभागणी विचार करण्यासारखी आहे. राजाचे नाव, बिरुदे, तिथी आणि दानाचा तपशील संस्कृतात आहे. तो भाग राजसत्ता, देवस्थान व पंडित यांच्यासाठी होता. दान मोडण्याची शक्यता ज्यांच्याकडून होती त्या गावकऱ्यांना व गावातील अधिकाऱ्यांना उद्देशून असलेला भाग त्यांच्या बोलीत आहे. म्हणजे राजसत्तेच्या लेखात स्थानिक माणूस प्रथम दिसतो तो संभाव्य अपराधी म्हणून.

या शिलालेखाचा उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. परळ हे नाव परळी वैजनाथावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. पाडळ वृक्षावरून ते आले, अशी दुसरी. परळला सापडलेल्या लेखात वैद्यनाथाचे नाव असल्याने पहिली व्युत्पत्ती सिद्ध झाली, असे मानण्याचा मोह होतो. परंतु लेखातील वैद्यनाथ हा दर्भवतीचा आहे आणि दर्भवती हे गुजरातेतील डभोईचे प्राचीन नाव होय. ज्या आगराच्या उत्पन्नातून चोवीस द्रम्मांचे दान दिले ते षट्षष्ठी म्हणजे साष्टीतील महावली गावचे आहे. यावरून हा लेख परळमध्ये सापडलेला असला तरी तो परळविषयीचा आहे, असे म्हणता येत नाही. दगड हलवले जातात, ही गोष्ट स्थानिक इतिहास लिहिताना विसरून चालत नाही. मात्र आगराचे उत्पन्न, त्यातून देवाला दिलेला भाग आणि त्यासाठी राजाने सोडलेले कर ही जी व्यवस्था लेखात दिसते ती या संपूर्ण प्रदेशाची होती, म्हणून परळलाही लागू पडते.

दुसरे साधन महिकावतीच्या बखरीचे. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. ती एकहाती रचना नसून निरनिराळ्या काळांतील प्रकरणांचा संग्रह आहे आणि तिचा जुना भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ मध्ये लिहिल्याचे राजवाडे यांनी दाखविले. बिंब राजाने माहीम येथे राजधानी वसविली, निरनिराळ्या ज्ञातींची कुळे आणून त्यांना गावे व वृत्ती दिल्या, अशी ही परंपरा आहे. एका ठिकाणी हे आगमन शके १०६० चे, तर दुसऱ्या परंपरेत देवगिरीच्या रामदेवरावाच्या पुत्राशी जोडलेले, म्हणजे सुमारे दीडशे वर्षे नंतरचे आहे. शके १०६० च्या सुमारास व त्यानंतरही शिलाहारांचे लेख याच प्रदेशात मिळत असल्याने बिंबाचे स्वतंत्र राज्य अखंड चालले, असे धरता येत नाही.

तरीही बखर टाकाऊ ठरत नाही. बाराव्या शतकाविषयी ती जे सांगते त्यापेक्षा पंधराव्या शतकाविषयी ती अधिक विश्वसनीय साक्ष देते. सुलतानी अंमलात देशमुखी, वतने व मानपान यांवर आपला हक्क जुना आहे, हे सांगण्याची निकड माहीम-साष्टीतील घराण्यांना वाटत होती, ही ती साक्ष होय. ज्ञातींच्या आगमनाच्या याद्या या वंशावळी असण्याबरोबरच हक्कांची कागदपत्रेही आहेत. मुंबईचे मूळ रहिवासी कोण, या आजच्या वादात बखरीचे दाखले दिले जातात तेव्हा हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कोळी, भंडारी व आगरी यांच्यासारखे समाज, ज्यांचा निर्वाह समुद्र, ताडमाड व खारजमीन यांवर होता, ते अशा याद्यांच्या आधीपासून येथे असण्याचा संभव अधिक आहे.

सुलतानी अंमल ते पोर्तुगीज

यादव महादेवाने १२६५ च्या सुमारास शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव केला. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपुष्टात आली आणि कोकणपट्टीतील मोक्याच्या ठाण्यांवर दिल्लीचा अंमल पोचला. पुढे माहीम गुजरातच्या सुलतानांकडे आले. १४२९-३० च्या सुमारास बहमनी सेनापती मलिक-उत-तुज्जार याने माहीम घेतले, परंतु गुजरातने ते परत मिळविले. याच काळात माहीम हे मखदूम अली माहिमी यांच्यासारख्या विद्वान सूफीचे निवासस्थान होते. परळ हे माहीमच्या प्रशासकीय छायेत राहिलेले गाव असल्याने त्याचा स्वतंत्र उल्लेख या साधनांत क्वचितच येतो.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने बहादूरशहाने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. हुमायूनच्या वाढत्या दडपणाखाली झालेला हा तह होता. परळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने लिस्बनचा राजा हा अहमदाबादच्या सुलतानापेक्षा दूरचा असला तरी बदल जमिनीवर तत्काळ जाणवला. पोर्तुगीजांनी गावे ठरावीक खंडाने व लष्करी सेवेच्या अटीवर आपल्या माणसांना दिली. मुंबईचे मुख्य बेट वनस्पतिशास्त्रज्ञ वैद्य गार्सिया द ओर्ता यांना मिळाले, तर परळ, वडाळे व शीव ही गावे १५४८ च्या सुमारास मानुएल सेर्रांव याच्याकडे गेली. कालांतराने या भागातील जमिनींवर जेझुइट पंथीयांचा हक्क प्रस्थापित झाला आणि परळला त्यांचे चर्च व निवास उभे राहिले. १६७३ साली मुंबईत आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने परळच्या जेझुइट चर्चचा व त्यांच्या जमिनीचा उल्लेख केला आहे.

येथे शिलाहारकालीन व्यवस्थेशी असलेले साम्य नजरेस येते. बाराव्या शतकात आगराच्या उत्पन्नाचा भाग वैद्यनाथाच्या पूजेसाठी जात होता. सतराव्या शतकात परळच्या वाड्यांचे उत्पन्न जेझुइटांच्या धर्मकार्यासाठी जाऊ लागले. धर्म, भाषा व कायदा बदलला, तरी देवस्थानाच्या नावाने उत्पन्न घेण्याचा प्रकार बदलला नाही. सक्तीचे धर्मांतर व देवळांचा विध्वंस यांमुळे पोर्तुगीज काळ निश्चितच वेगळा ठरतो. पण आर्थिक रचनेतील हे सातत्य नजरेआड करता येत नाही.

इंग्रज आणि जमिनीचा प्रश्न

२३ जून १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास मिळाली, परंतु प्रत्यक्ष ताबा हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये घेतला. करारात ‘मुंबई’ म्हणजे नेमके काय, हा वाद लगेच उपस्थित झाला. पोर्तुगीजांच्या मते केवळ मुंबईचे मुख्य बेट द्यावयाचे होते. कुकने माहीम व लगतची गावेही ताब्यात घेतली. ओहोटीच्या वेळी पायी ओलांडता येणारी बेटे एक की अनेक, या भौगोलिक प्रश्नावर महसुलाचा प्रश्न अवलंबून होता. १६६८ मध्ये राजाने हे बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिले.

जमिनींच्या हक्कांचा गुंता सोडविण्यासाठी गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने १६७२ मध्ये जमीनधारकांशी करार केला. त्याला १६७४ मध्ये अंतिम रूप आले. दरवर्षी २०,००० झेराफिन देण्याच्या बदल्यात जमीनधारकांचे हक्क कायम करण्यात आले. मुंबईच्या जमीनधारणेच्या इतिहासात हा करार पायाभूत मानला जातो. त्यात जमीनधारक आहेत, कंपनी आहे. कुळे मात्र पक्षकार नाहीत.

१६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडी येथे उतरला आणि त्याने माहीमपासून माझगावपर्यंतचा मुलूख व्यापला. कंपनीने औरंगजेबापुढे शरणागती पत्करून दीड लाख रुपये दंड भरल्यावर १६९० मध्ये ही स्वारी संपली. जेझुइटांनी सिद्दीस साहाय्य केल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांच्या जमिनी जप्त केल्या. हा आरोप कितपत खरा होता, यापेक्षा त्याचा परिणाम अधिक महत्त्वाचा ठरला. आँजियरच्या करारानंतर ज्या मोठ्या मालमत्तेला हात लावणे कंपनीस अवघड होते, ती राजद्रोहाच्या कारणावरून तिच्याकडे आली. परळची इमारत गव्हर्नर चार्ल्स बून (१७१५-१७२२) याच्या काळात गव्हर्नरच्या वापरात आली. याच बूनच्या कारकिर्दीत, १७२० मध्ये, मुंबईतील कॅथलिक चर्चे गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारातून काढून कार्मेलाइट पंथीयांकडे सोपविण्यात आली. दोन्ही निर्णयांमागील हेतू पोर्तुगीज धर्मसत्तेचा येथील आधार काढून घेण्याचा होता.

सरकारी वाडा ते प्रयोगशाळा

विल्यम हॉर्नबीच्या (१७७१-१७८४) काळापासून परळच्या वाड्याचे महत्त्व वाढत गेले आणि एकोणिसाव्या शतकात तो गव्हर्नरचे मुख्य निवासस्थान बनला. जुन्या चॅपेलचे दिवाणखान्यात व मेजवानीच्या दालनात रूपांतर झाले. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईस आला तेव्हा त्याचा मुक्काम येथेच होता. या वैभवाचा भौतिक आधार म्हणजे बेटांमधील खाड्या बुजविण्याचे काम. वरळी व महालक्ष्मीदरम्यानची खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधाने बंद झाल्यावर परळच्या पश्चिमेची खारजमीन लागवडीस व पुढे वस्तीस उपलब्ध झाली. या जमिनी फोरास या पोर्तुगीज नावाच्या धाऱ्याने दिल्या जात. पोर्तुगीज गेल्यावरही हा शब्द इंग्रजांच्या दप्तरात टिकून राहिला.

१८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे याच वाड्यात कॉलऱ्याने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरचे निवासस्थान मलबार पॉइंटला हलविण्यात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि रिकाम्या वाड्याचा उपयोग प्लेगच्या रुग्णांसाठी झाला. जानेवारी १८९७ मध्ये स्वतःवर लशीचा प्रयोग करणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा ऑगस्ट १८९९ मध्ये येथे आली. १९२५ मध्ये संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. देवघर, राजवाडा, रुग्णालय आणि प्रयोगशाळा असा एका वास्तूचा हा प्रवास आहे. मागील सर्व बदल महसूल घेणाऱ्याच्या सोयीने झाले होते. परळच्या सामान्य रहिवाशाला प्रत्यक्ष उपयोगी पडलेला हा पहिला बदल होता. १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय व १९४१ मधील टाटा मेमोरियल रुग्णालय यांनी हीच दिशा पुढे नेली.

गिरण्यांची जमीन

गव्हर्नर गेल्यावर परळवर खरी सत्ता गिरणीच्या भोंग्याची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने यांनी परळ-लालबागचा भूभाग व्यापला. कोकण, घाटमाथा व देशावरून आलेल्या कामगारांनी तेथे नवी वस्ती निर्माण केली. बखरीतील कुळांच्या याद्यांप्रमाणे या आगमनाची यादी कोणी कोरून ठेवली नाही. परंतु चाळ, खानावळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा व कामगार संघटना या त्यांच्या संस्थांनी परळला प्रथमच स्वतःचा आवाज दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वास्तव्य परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके होते, हे या संदर्भात आठवणे उचित ठरेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर प्रश्न कापडाचा राहिला नाही, तो जमिनीचा झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या कलमानुसार गिरण्यांच्या विक्रीयोग्य जमिनीचे महापालिकेच्या मोकळ्या जागा, म्हाडाची घरे आणि मालक असे ढोबळमानाने तीन वाटे व्हावयाचे होते. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते मर्यादित झाले आणि सार्वजनिक वाटा मोठ्या प्रमाणात घटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली. आगराच्या उत्पन्नाचा भाग कोणाला, हा ११८७ च्या शिलालेखातील प्रश्न आठशे वर्षांनंतर चटईक्षेत्राच्या भाषेत पुन्हा मांडला गेला आणि याही वेळी कसणाऱ्या-राबणाऱ्याचा वाटा शेवटी ठरला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परळची वस्ती सहाव्या शतकाइतकी जुनी असली तरी तिचा सलग राजकीय इतिहास सांगण्याइतके पुरावे नाहीत. जे आहेत त्यांचा प्रदेश, काळ व हेतू तपासूनच उपयोग करावा लागतो. दुसरी, शिलाहारांचे दान, पोर्तुगीजांचा खंड, आँजियरचा करार, कंपनीची जप्ती आणि विकास नियंत्रण नियम ही वरवर भिन्न दिसणारी साधने जमिनीच्या उत्पन्नाच्या वाटपाची एकाच जातीची कागदपत्रे आहेत. तिसरी, या कागदपत्रांच्या कडेला असलेला स्थानिक माणूस पूर्णतः मुका नाही. शिलालेखातील मराठी शाप, बारादेवीत पूजली जाणारी मूर्ती आणि गिरणगावातील संघटना यांतून तो दिसतो.

बांधकाम व्यवसायाच्या जाहिरातींत परळच्या काही भागांना ‘अप्पर वरळी’ म्हटले जाऊ लागले आहे. शिलाहारांपासून इंग्रजांपर्यंत कोणत्याही सत्तेला परळचे नाव बदलण्याची गरज वाटली नव्हती. त्यामुळे परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी चाळींचे दस्तऐवज, देवस्थानांच्या नोंदी, गिरणी कामगारांच्या आठवणी आणि भूमापन दप्तरे यांचे संकलन हाती घेणे निकडीचे आहे. महसूल घेणाऱ्यांनी लिहिलेल्या साधनांना पूरक अशी रहिवाशांची साधने जमा झाल्याशिवाय परळचा इतिहास परळच्या बाजूने लिहिला जाणार नाही.